‘रिसेट’ दाबल्यावर यंत्रात काय घडते?

टीव्हीला जोडायच्या ‘व्हिडिओ गेम’वर मारिओ खेळत मोठ्या झालेल्या पिढीला एक गोष्ट कोणी न शिकवता ठाऊक झाली होती. यंत्रावरचे ‘रिसेट’ हे बटण दाबले की खेळ पहिल्यापासून सुरू होई; पण मारिओची स्वतंत्र कॅसेट लावलेली असेल, तर आरंभीच्या पडद्यावर ‘टॉप’ या शब्दापुढे दिसणारा सर्वाधिक गुणांचा आकडा जसाच्या तसा राही. वीज गेली तर मात्र तो आकडाही जाई. वीज परतल्यावर त्या जागी सहा शून्ये दिसत.

वाशीम जिल्ह्यासारख्या ठिकाणी हा फरक ध्यानात यायला फार दिवस लागण्याचे कारण नव्हते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात भारनियमन ऐन भरात होते आणि विदर्भाच्या ग्रामीण भागाला त्याची झळ दिवसाचे अनेक तास बसत असे. भारनियमनाचे वेळापत्रक वृत्तपत्रांत छापून येई, पण वीज त्याबरहुकूम जाईच, याची शाश्वती नसे. खेळणाऱ्याच्या दृष्टीने रिसेट काय आणि वीज जाणे काय, परिणाम एकच: हातातला डाव गेला. यंत्राच्या आत मात्र या दोन सर्वस्वी भिन्न घटना आहेत. त्यांतला भेद समजला, की त्या काळच्या खेळांच्या अनेक कोड्यांचा उलगडा आपोआप होतो.

मूळ जपानी, घरोघरी नकली

हे यंत्र मूळचे जपानचे. क्योटो येथील निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या नावाने ते बाजारात आणले. मासायुकी उएमुरा हे त्याचे प्रमुख रचनाकार. अमेरिकेत तेच यंत्र १९८५ पासून ‘निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम’ या नावाने, वेगळ्या पेटीत आणि आतल्या काही फेरफारांसह विकले गेले. भारतातील घरांत पोहोचली ती बहुतांशी जपानी यंत्राची नक्कल केलेली उपकरणे; ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ अशी त्यांची नावे होती. तैवानच्या यूएमसी या कंपनीने मूळ चिपच्या प्रतिकृती तयार केल्या आणि पुढे पुढे तर सगळे मंडल एकाच चिपमध्ये मावू लागले. असे स्वस्त यंत्र उघडून पाहिल्यास आतल्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका दिसतो. सगळा कारभार त्या ठिपक्याखाली चालतो.

नक्कल करणाऱ्यांनी बाह्य रूपही पुष्कळदा मुळाबरहुकूम ठेवले. मध्यभागी कार्ट्रिज बसवण्याची खाच (या कार्ट्रिजला आपल्याकडे सरसकट ‘कॅसेट’च म्हणत), डावीकडे सरकवायचा विजेचा खटका आणि उजवीकडे दाबायचे रिसेट. दोन नियंत्रणे इतकी जवळ असूनही त्यांचे काम निराळे आहे. खटका विजेचा प्रवाह तोडतो. रिसेट प्रवाहाला हातही लावत नाही.

६५,५३२ क्रमांकाचे घर

या यंत्राचा मेंदू म्हणजे ‘६५०२’ या प्रोसेसरवर आधारलेली चिप. ६५०२ हा प्रोसेसर अमेरिकेच्या एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीने १९७५ मध्ये आणला. ॲपल-२ या १९७७ च्या संगणकातही तोच होता. निन्टेंडोसाठी ही चिप जपानच्या रिको कंपनीने बनवली. सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके ही तिची गती.

प्रोसेसरच्या अनेक पायांपैकी एक पाय केवळ रिसेटसाठी राखलेला असतो. एरवी त्यावर ५ व्होल्टचा दाब असतो. बटण दाबले, की हा दाब शून्यावर येतो आणि जोवर तो शून्यावर आहे तोवर प्रोसेसर काहीही करत नाही. बोट उचलताच तो सात ठोक्यांचा एक ठरीव विधी पार पाडतो. सेकंदाच्या अडीच लाखाव्या भागात उरकणाऱ्या या विधीत तो ६५,५३२ आणि ६५,५३३ या क्रमांकांच्या घरांत काय लिहिले आहे ते वाचतो. तिथे एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर जाऊन तिथली पहिली आज्ञा अमलात आणायची, एवढेच त्याला ठाऊक असते.

गंमत अशी, की ही दोन्ही घरे यंत्रात नसून कॅसेटमध्ये असतात. या यंत्राला स्वतःचा असा आरंभीचा प्रोग्रामच नाही. त्यामुळे रिसेटनंतर पुढे काय व्हावे, हे यंत्र बनवणारा ठरवत नाही. प्रत्येक खेळ लिहिणारा आपापल्या मतीप्रमाणे ठरवतो. एका खेळात रिसेटनंतर गुण टिकतात, दुसऱ्यात टिकत नाहीत, तिसऱ्यात थेट खेळांची यादीच समोर येते, या साऱ्याचे मूळ इथे आहे.

आणि या विधीत जे घडत नाही, ते अधिक महत्त्वाचे. यंत्राची कामचलाऊ मेमरी २ किलोबाइटची, म्हणजे अवघ्या २,०४८ घरांची. मारिओ कुठे उभा आहे, किती जीव उरले, किती नाणी मिळाली, हे सारे त्यातच. रिसेटमुळे यातले एकही घर पुसले जात नाही. पोथी वाचणाऱ्याने मध्येच थांबून पुन्हा पहिला अध्याय काढावा, पण समासात केलेल्या खुणा तशाच राहू द्याव्यात, असा हा प्रकार आहे. वीज गेल्यावर मात्र समासातल्या खुणाही जातात, कारण ही मेमरी प्रवाह असेपर्यंतच लक्षात ठेवणारी आहे.

चित्र काढणारी चिप निराळी असते. मूळ जपानी यंत्रात रिसेटची तार तिच्यापर्यंत नेलेलीच नव्हती. बटण दाबल्यावर फक्त प्रोसेसर थांबे. अमेरिकी आवृत्तीत दोघांनाही एकदम थांबवले जाई आणि चित्राची चिप त्यानंतर सुमारे एका चित्राच्या अवधीपर्यंत काही आज्ञा मानीत नसे. म्हणून खेळ लिहिणारे आरंभी दोन चित्रे जाऊ देत आणि मगच कामाला लागत.

मारिओची परीक्षा

आता गुणांच्या आकड्याकडे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ जपानमध्ये सप्टेंबर १९८५ मध्ये आला. शिगेरू मियामोटो आणि ताकाशी तेझुका यांच्या या खेळाच्या प्रोग्रामपुढे सुरू होताच एक प्रश्न उभा राहतो: वीज नुकतीच आली आहे, की ती आधीपासून होती आणि कोणी तरी रिसेट दाबले आहे? हे सांगणारी तार यंत्रात कुठेही नाही. दोन्ही वेळा प्रोसेसर त्याच ६५,५३२ क्रमांकाच्या घरातून निघून त्याच पहिल्या आज्ञेवर येतो.

मग प्रोग्राम मेमरीचीच परीक्षा घेतो. वीज नुकतीच आली असेल, तर मेमरीच्या घरांत काहीही असू शकते, अर्थहीन आकड्यांचा पसारा. रिसेट असेल, तर आधीचा मजकूर शाबूत असणार. पहिली चाचणी सर्वाधिक गुणांच्या सहा घरांची. प्रत्येक घरात एकच अंक ठेवलेला असतो; एखाद्या घरात १० किंवा त्याहून मोठी संख्या सापडली, तर तो गुणांचा आकडा नव्हे हे उघड आहे. दुसरी चाचणी एका ठरावीक घराची, तिथे १६५ हीच संख्या हवी. संगणकाच्या दोनअंकी लिपीत ती १०१००१०१ अशी लिहिली जाते. ही खूण प्रोग्रामनेच आधी कधी तरी तिथे ठेवलेली असते. दोन्ही चाचण्या उतरल्या, तर प्रोग्राम बाकीची मेमरी स्वच्छ करतो, पण गुणांची घरे आणि काही मोजकी घरे सोडून देतो. एकही चाचणी फसली, तर त्या घरांनाही माफी नाही. सगळीकडे शून्य लिहिले जाते.

निव्वळ योगायोगाने मेमरीतला पसारा या परीक्षेत उत्तीर्ण होण्याची शक्यता किती? प्रत्येक घरात ० ते २५५ यांपैकी कोणतीही संख्या सारख्याच शक्यतेने येते असे मानले, तर सुमारे ७,२०० कोटींत एक. कागदावर एका ओळीत मावेल अशा युक्तीने साधलेली ही खात्री पुरेशी म्हणावी लागेल.

वीज क्षणभर लुकलुकून लगेच परत आली, तर कधी कधी मेमरीतला मजकूर टिकून राही आणि ‘टॉप’चा आकडा बचावे, त्याचाही खुलासा यातच आहे. ॲडॉप्टरमधल्या आणि यंत्रातल्या कपॅसिटरमध्ये थोडा साठा शिल्लक असतो.

मेमरी पुसली जात नाही याचा जपानी मुलांनी जो उपयोग केला, तो मात्र रचनाकारांच्या स्वप्नातही नसावा. मारिओ सुरू करायचा, यंत्र चालू असतानाच कॅसेट उपसून काढायची, तिथे ‘टेनिस’ हा १९८४ चा खेळ लावून रिसेट दाबायचे. टेनिसचा प्रोग्राम आरंभी सगळी मेमरी साफ करत नाही. थोडा वेळ टेनिस खेळायचे. मारिओ ज्या घरात ‘वर्ल्ड’चा क्रमांक ठेवतो, तेच घर टेनिसमध्ये खेळाडूच्या पावलांबरोबर बदलत जाणारे. मग पुन्हा मारिओची कॅसेट, पुन्हा रिसेट आणि ‘ए’ दाबून धरून ‘स्टार्ट’. १६५ ची खूण आणि गुणांचे अंक जागेवर असल्याने परीक्षा उतरते. आठच वर्ल्ड असलेल्या खेळात नववे आणि त्यापुढची विचित्र वर्ल्ड उघडतात. चालू यंत्रातून कॅसेट काढल्याने यंत्र आणि कॅसेट दोन्ही कायमची बिघडू शकतात, त्यामुळे हा प्रयोग वाचण्यापुरताच बरा.

दाबून धरा आणि मगच बंद करा

काही खेळ एका बैठकीत संपण्यासारखे नव्हते. अमेरिकेत १९८७ मध्ये आलेला ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ किंवा जपानमधला फेब्रुवारी १९८८ चा ‘ड्रॅगन क्वेस्ट-३’ यांच्या कॅसेटमध्येच वेगळी मेमरी आणि ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी असे. यंत्र बंद झाले तरी खेळाची नोंद बॅटरीच्या जोरावर टिकत असे. या खेळांत पडद्यावर एक सूचना दिसे: रिसेट दाबून धरा आणि तसेच धरून वीज बंद करा. अनेकांना ती कर्मकांडासारखी वाटे. ती तशी नव्हती.

खटका बंद केल्यावर ५ व्होल्टचा दाब एका झटक्यात शून्यावर येत नाही. तो उतरत जातो. उतरणीच्या त्या निमिषात प्रोसेसर पुरता बंदही नसतो आणि शुद्धीवरही नसतो. तो आज्ञा चुकीच्या वाचतो, भलत्या घरात भलतेच लिहितो आणि हे लिहिणे बॅटरीवर जपलेल्या नोंदीच्या घरात झाले, तर महिनाभराचा खेळ नासतो. रिसेट दाबून धरले, की प्रोसेसर आधीच थांबलेला असतो. दाब उतरताना त्याच्या हातात लेखणीच नसते. नंतरच्या काळातील कॅसेटमध्ये दाब घसरताच मेमरीला कुलूप लावणारी सोय आली आणि या सूचनेची निकड कमी झाली.

इथेच वाशीमसारख्या जिल्ह्याची अडचण स्पष्ट होते. ही सूचना पाळायची तर वीज बंद करणारा हात आणि रिसेट दाबणारा हात एकाच माणसाचा असायला हवा. भारनियमनात वीज बंद करणारा हात दूरच्या उपकेंद्रात असतो.

वीज पूर्ण जाण्यापेक्षा दाब कमी होणे अधिक त्रासाचे. रब्बीत कृषिपंप एकदम सुरू झाले, की खेड्यांतील वाहिन्यांवर २३० व्होल्टच्या जागी बरेच कमी व्होल्ट मिळतात, हा विदर्भातला नेहमीचा अनुभव. समजा १७० मिळाले. यंत्राबरोबर येणारा साधा ट्रान्सफॉर्मरचा ॲडॉप्टर त्याच प्रमाणात उणावतो. ९ व्होल्टच्या जागी ढोबळमानाने साडेसहा. यंत्रातला ‘७८०५’ हा नियामक ५ व्होल्ट स्थिर ठेवतो खरा, पण त्यासाठी त्याला साधारण ७ व्होल्ट पुरवावे लागतात. त्याखाली गेले, की तोही हात टेकतो. पडदा गोठतो, चित्राचे तुकडे होतात, आवाज एका सुरावर अडकतो. अशा वेळी रिसेट दाबून उपयोग होतो तो व्होल्टेज सावरले असेल तरच.

यंत्र सुरू होतानाही रिसेट आपोआप घडवून आणावा लागतो, नाही तर वीज स्थिर होण्याआधीच प्रोसेसर धावत सुटेल. त्यासाठी रिसेटच्या तारेवर एक कपॅसिटर आणि एक रोधक बसवतात. कपॅसिटर भरायला जो क्षण लागतो, तेवढा वेळ ती तार शून्याजवळ राहते. व्होल्टेजने नुसती डुबकी मारली, तर हा कपॅसिटर पुरेसा रिकामा होत नाही, आपोआप होणारा रिसेट घडत नाही आणि यंत्र भांबावलेल्या स्थितीतच राहते. बटणाची खरी गरज पडते ती अशा वेळी.

आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नकली कॅसेटमध्ये बॅटरी नसेच. त्यामुळे भारनियमनात नासण्यासारखी नोंदही नसे. खर्च वाचवण्यासाठी केलेली ही काटकसर परिस्थितीला साजेशी निघाली.

लुकलुकणारा दिवा

अमेरिकी यंत्रात रिसेटला आणखी एक धनी होता. परवान्याशिवाय बनलेल्या कॅसेट चालू नयेत, म्हणून यंत्रात एक आणि प्रत्येक कॅसेटमध्ये एक अशा दोन पहारेकरी चिप बसवल्या होत्या. त्या सतत परस्परांशी सांकेतिक संवाद करत. संवाद जुळला नाही, की यंत्रातली चिप प्रोसेसरला साधारण दर सेकंदाला एकदा रिसेट करत राही. दिवा लुकलुके, पडदा उघडझाप करी. अस्सल कॅसेट असूनही हे होई, कारण खाचेतील संपर्कपट्ट्या वापराने सैल पडत. कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची जगभरची सवय तिथूनच वाढली. फुंकरीतला ओलावा धातूला घातकच; गुण येई तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने.

जपानी यंत्रात ही पहारेकरी चिप नव्हती, म्हणून नकली यंत्रांतही नव्हती. फुंकर मात्र आपल्याकडेही मारली जाई.

सगळी रिसेट सारखी नसतात

प्रत्येक यंत्रावर रिसेटचा अर्थ हाच होता असे नाही. अटारीच्या १९७७ च्या यंत्रावर ‘गेम रिसेट’ असा खटका होता, पण तो प्रोसेसरच्या रिसेटच्या पायाला जोडलेलाच नव्हता. खेळाच्या कांडीसारखेच तेही एक साधे बटण. खेळाचा प्रोग्राम त्याकडे पाही आणि वाटल्यास नवा डाव मांडी. सेगाच्या ‘मास्टर सिस्टिम’वरही तीच पद्धत. तिथे रिसेट ही आज्ञा नसून विनंती होती.

सेगाच्याच ‘मेगा ड्राइव्ह’वर मात्र बटण प्रोसेसरलाच थांबवी आणि मेमरी टिके. १९९३ च्या ‘एक्स-मेन’ या खेळाने त्याचा धाडसी वापर केला. एका टप्प्यावर कथेतला संगणक रिसेट करा असे सांगितले जाई आणि पुढे जाण्याचा मार्ग म्हणजे खऱ्या यंत्रावरचे रिसेट हलकेच दाबणे. कित्येकांच्या हे ध्यानातच आले नाही. सेगाच्या ‘नोमॅड’ या हातात धरायच्या यंत्रावर तर रिसेटच नव्हते, त्यामुळे त्यावर हा खेळ तिथेच अडे.

यादीकडे परत

भारतीय घरांत सर्वांत परिचित कॅसेट म्हणजे अनेक खेळ एकत्र असलेली. वेष्टनावर ‘९९,९९,९९९ खेळ’ असे छापलेले असले, तरी आत मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. अशा कॅसेटवर रिसेट दाबले, की खेळांची यादी समोर येई. ती यादीही एक प्रोग्रामच. तो त्याच २,०४८ घरांत आपला पसारा मांडतो. म्हणून या कॅसेटवर मारिओचा ‘टॉप’चा आकडा टिकेलच असे सांगता येत नसे.

यादीकडे परतण्यासाठी कॅसेटला रिसेट झाल्याचे कळायला हवे, पण कॅसेटच्या खाचेत रिसेटची तारच येत नाही. नकली कॅसेट बनवणाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा चतुर आहे. प्रोसेसर चालू असताना त्याच्या घड्याळाचे ठोके कॅसेटपर्यंत येत असतात; रिसेटमध्ये ते थांबतात. कॅसेटमधला एक छोटा कपॅसिटर या ठोक्यांनी भरलेला राहतो आणि ठोके थांबले की रिकामा होतो. तो रिकामा झाला, म्हणजे रिसेट झाले. काही चार खेळांच्या कॅसेटमध्ये तर यादीही नव्हती; प्रत्येक रिसेटला पुढचा खेळ सुरू होई.

नोव्हेंबर २०१६ मध्ये निन्टेंडोने आपल्या जुन्या यंत्राची ३० खेळ भरलेली छोटी प्रतिकृती अधिकृतपणे बाजारात आणली. तिच्यावरही रिसेटचे बटण आहे. ते दाबले की चालू खेळ होता तिथे थांबतो आणि पडद्यावर खेळांची यादी येते.